न्हावाशेवाला कंटेनर पुन्हा पुन्हा अडकतोय? खाद्यपदार्थ, मासळी, चीज आणि काजू बी आणणाऱ्यांसाठी

ड्युटी भरलेली असते, शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर हातात असते, ट्रेलरवाला करळ फाट्यावर गाडी लावून दर अर्ध्या तासाने फोन करत असतो, आणि सिस्टीमवर ‘आउट ऑफ चार्ज’, म्हणजे माल सोडायचा कस्टमचा शेवटचा शेरा, काही येत नाही. खाद्यपदार्थ किंवा प्राणिजन्य माल आणणाऱ्यांची ही नेहमीची रड. एकदा झालं तर नशिबावर ढकलता येतं. पण त्याच पुरवठादाराचा तोच माल दर खेपेला तिथेच अडत असेल, तर कुठला तरी कागद मुळातच चुकीचा तयार होतोय हे समजून जा.

न्हावाशेवा बंदराजवळ उरणला माल सोडवण्याच्या (क्लिअरिंगच्या) कामात हे रोज दिसतं. वेंगुर्ले-कुडाळकडचे काजू कारखानदार आफ्रिकेतून बी मागवतात, रत्नागिरीकडचे मासळीवाले प्रक्रियेसाठी गोठवलेला माल आणतात, अलिबाग-काशीदच्या हॉटेलांना चीज पुरवणारे युरोपातून रीफर, म्हणजे थंड ठेवणारे कंटेनर, मागवतात. माल निरनिराळा, पण अडकण्याच्या जागा ठरलेल्या. त्यातल्या बऱ्याचशा बोट सुटण्याआधी तिकडेच निस्तरता येण्यासारख्या असतात. इकडे आल्यावर त्याच चुकीचे दिवसाला पैसे मोजावे लागतात.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडून एक प्रश्न हमखास येतो: दाराशी जयगड आहे, रेडी आहे, मग माल उरणपर्यंत कशाला न्यायचा? कारण अन्न तपासणारे अधिकारी आणि प्राणी क्वारंटाइनची यंत्रणा प्रत्येक बंदरात नसते. प्राणिजन्य मालाला तर ठरवून दिलेल्या ठिकाणांहूनच देशात प्रवेश आहे, आणि कोकणापुरतं बोलायचं तर ते ठिकाण म्हणजे मुंबई. तेव्हा हा हेलपाटा टळत नाही.

आधी बघा, अडवलंय कोणी

‘कस्टमने अडवलंय’ असं सगळेच म्हणतात. बहुतेक वेळा कस्टमचं काम उरकलेलं असतं आणि अडलेली असते ती दुसऱ्या खात्याची एनओसी. २०१६ पासून कस्टमची एक खिडकी पद्धत आहे. तुम्ही भरलेलं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं घोषणापत्र, एचएस कोड (मालाच्या वर्गाचा क्रमांक) आणि मालाचा वापर बघून त्या त्या खात्याकडे आपोआप जातं. खाद्यपदार्थ एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, प्राणिजन्य माल प्राणी क्वारंटाइनकडे, म्हणजे एक्यूसीएसकडे, आणि वनस्पतिजन्य माल प्लांट क्वारंटाइनकडे. गोठवलेली मासळी किंवा चीज असेल तर दोन खात्यांची परवानगी लागते. एकाची आली म्हणून गाडी बोलावणाऱ्यांनी आमच्याकडे बरंच ट्रेलरभाडं फुकट घालवलंय.

म्हणून पहिलं काम: आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर बिल ऑफ एंट्रीची स्थिती उघडा आणि कुठल्या खात्यापुढे ‘पेंडिंग’ आहे ते वाचा. मग त्या खात्याच्या पोर्टलवर काही क्वेरी पडली आहे का ते बघा. क्वेरी कस्टम ब्रोकरच्या लॉगइनला येते, आयातदाराला तिचा पत्ताही नसतो. ‘स्पष्ट प्रत जोडा’ एवढ्याशा क्वेरीवर कंटेनर शुक्रवार ते मंगळवार पडून राहिल्याचं आम्ही पाहिलंय. ई-संचितवर, म्हणजे कस्टमकडे ऑनलाइन कागद जोडायच्या ठिकाणी, चढवलेला कागद मोबाइलने काढलेला, कडा कापलेला, शिक्का पुसट, अशी बहुतेक भानगड असते. सरळ स्कॅनरवर स्कॅन करा.

क्वेरी नसेल आणि तरी माल हलत नसेल, तर एचएस कोड तपासा. काजूत ही गफलत वारंवार होते. टरफलासकट बी ०८०१ ३१ मध्ये येते, सोललेला गर ०८०१ ३२ मध्ये. कोड चुकला की बिल ऑफ एंट्री वेगळ्याच नियमांच्या तोंडी जातं. गराची तर किमान आयात किंमत जून २०१९ मध्ये वाढवली: तुकड्याला किलोला ६८० रुपये, अख्ख्याला ७२०. त्याखालच्या भावाचा गर आणायला बंदी. बी मागवून कोड गराचा टाकलात, तर काय होईल ते सांगायला नको.

परवाना आहे, पण तारीख उलटी आहे

प्राणिजन्य मालाला सॅनिटरी इम्पोर्ट परमिट लागतं, म्हणजे आपल्या भाषेत ‘सिप’. मांस, अंडी, दूध आणि दुधाचे पदार्थ, प्राणिजन्य घटकांचं पेट फूड हे सगळं त्यात येतं. मासळीसाठीही ते घ्यावं लागतं. यामागचा कायदा १८९८ सालचा, लाइव्हस्टॉक इम्पोर्टेशन ॲक्ट. २००१ मध्ये दुरुस्ती होऊन प्राणिजन्य उत्पादनंही त्याखाली आली.

अडचण ठरलेली असते. पुरवठादाराला घाई असते, बोटीत जागा मिळालेली असते, तो माल चढवून मोकळा होतो आणि इकडे परमिटचा अर्ज त्यानंतर जातो. वरातीमागून घोडं. माल तिकडून निघण्याआधी परमिट हातात हवं. बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल बोटीत चढल्याच्या पावतीची, तारीख परमिटच्या आधीची निघाली, तर तुमच्याकडे सांगायला काही उरत नाही. परमिट साधारण सहा महिने चालतं आणि वाढवून मिळू शकतं. त्यामुळे ‘ऑर्डर पक्की झाली की अर्ज करू’ असं म्हणत बसण्यात अर्थ नाही. जूनजुलैच्या मासेमारी बंदीत हॉटेलांना बासा मासा लागणारच, हे मार्चमध्येही ठाऊक असतं.

दुसरी अडचण व्हेटरनरी हेल्थ सर्टिफिकेटची, आणि ती जास्त चिवट आहे. निर्यातदार देशाचे सरकारी पशुवैद्यक हे प्रमाणपत्र देतात. त्यात भारताने ठरवलेली विधानं जशीच्या तशी हवीत. दुधाच्या पदार्थांसाठी, ज्या जनावरांचं दूध वापरलं त्यांना रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या अवयवांपासून, रक्तापासून वा मांसापासून बनलेलं खाद्य कधी दिलेलं नाही, अशा अर्थाचं वाक्य लागतं. चीजसाठी प्राणिज रेनेट (दूध साकळवायचं द्रव्य) वापरलेलं नाही हेही यायला हवं. युरोपातला लहान चीजवाला इतर देशांना पाठवतो तेच छापील प्रमाणपत्र तुम्हालाही पाठवून देतो. त्यात ही वाक्यं नसतात. कंपनीच्या लेटरहेडवर वेगळं हमीपत्र देऊन भागेल असं त्याला वाटतं. भागत नाही. ज्याने मूळ प्रमाणपत्र दिलं त्याच अधिकाऱ्याकडून सुधारित प्रमाणपत्र आणावं लागतं, आणि बोट सुटल्यावर ते काढायला तिकडचे अधिकारी नाखूश असतात. भारताचा नमुना पुरवठादाराला ऑर्डरसोबतच पाठवा. त्याच्या पशुवैद्यकाने ‘हे मी लिहून देऊ शकतो’ असं कळवल्याशिवाय आगाऊ रक्कम सोडू नका.

माल ताजा आहे, तरी ‘शेल्फ लाइफ कमी’

एफएसएसएआयचा २०१७ चा आयात नियम सांगतो की आयातीच्या वेळी मालाचं ६० टक्के आयुष्य किंवा तीन महिने, यातलं जे कमी असेल तेवढं शिल्लक हवं. वाक्य साधं आहे, हिशेब मात्र लोक निम्मा करतात.

बारा महिने टिकणाऱ्या मालाला ६० टक्के म्हणजे सात महिन्यांहून जास्त होतात, पण ‘जे कमी असेल’ म्हटल्यामुळे तीन महिने पुरतात. पाच महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या कुठल्याही मालाला हाच तीन महिन्यांचा दंडक. इथे सहसा कोणी अडकत नाही. अडकतो तो कमी टिकणारा माल. १२० दिवस टिकणारं चीज घ्या. ६० टक्के म्हणजे ७२ दिवस शिल्लक हवेत. म्हणजे बनल्या दिवसापासून तुमच्या हातात ४८ दिवस. त्यात तिकडच्या गोदामातले दिवस आले, बोटीचे आले, ट्रान्सशिपमेंटला, म्हणजे मधल्या बंदरात बोट बदलताना, कंटेनर पडून राहतो तेही आले. ९० दिवसांचं चीज असेल तर हाती फक्त ३६ दिवस.

सुएझमार्गे युरोपातून न्हावाशेवापर्यंत तीन-चार आठवडे लागायचे तेव्हा हे कसंबसं जुळायचं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच लाइन्सनी आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. त्या वळशाने दहा-चौदा दिवस वाढतात. अशा वाटेने येणारं ९० दिवसांचं चीज समुद्रातच नापास होतं, मग ते कितीही ताजं दिसो. ‘माल चांगला आहे, चव घेऊन बघा’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

उपाय दोनच. एक, बुकिंग करताना शिपिंग लाइनला मार्ग आणि ट्रान्सशिपमेंटचं बंदर विचारा, आणि पुरवठादाराकडून ‘बोट सुटण्याच्या अमुक दिवस आधीच बनलेला माल’ असं खरेदीच्या कागदातच लिहून घ्या. दोन, कमी आयुष्याचा माल विमानाने आणा. महाग पडतो, पण नापास कंटेनरपेक्षा स्वस्तच. एकाच कंटेनरमध्ये वेगवेगळ्या बॅचेस भरल्या असतील तर प्रत्येक बॅचचा हिशेब वेगळा होतो, हेही लक्षात ठेवा. मागच्या कोपऱ्यातली जुनी बॅच खपवण्याची तिकडच्यांची सवय आपल्या अंगाशी येते.

लेबल: कोणती चूक सुधारता येते, कोणती नाही

इथे थोडं थांबून वाचा, कारण लोक सुधारता येण्यासारख्या चुकीला घाबरतात आणि न सुधारणारी चूक बिनधास्त पाठवतात.

आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण, एवढं मूळ पाकिटावर नसलं तरी चालतं. कस्टमच्या देखरेखीखालच्या (बॉण्डेड) गोदामात एकच, न निघणारं स्टिकर लावून ते पुरं करता येतं. ठरावीक प्रकारच्या मालासाठी पदार्थाचा वर्ग आणि सामान्य नावही त्यावर टाकता येतं. बनवल्याची तारीख, बेस्ट बिफोर, बॅच नंबर, घटकांची यादी मात्र मूळ लेबलवरच हवी. स्टिकर लावून ती चूक झाकता येत नाही. बॅच नंबर नसलेला माल आला की समजा, तो परत जायचा किंवा नष्ट व्हायचा.

स्टिकर लावतानाही घोळ होतात. मजूर घाईत पाकिटाच्या नेमक्या त्या कोपऱ्यावर स्टिकर दाबतात जिथे तारीख छापलेली असते. तपासणीला आलेला अधिकारी पेटीतलं पहिलंच पाकीट उचलतो, अंगठ्याने स्टिकरची कड खरवडून बघतो, आणि खाली तारखेचे दोन आकडे झाकलेले दिसले की संपलं. मग सगळ्या पेट्या पुन्हा फोडायच्या. लावायला सुरुवात करण्याआधी एक पाकीट टेबलावर ठेवा, स्टिकरची जागा पेनाने आखून द्या, आणि मुकादमाला तेच पाकीट हातात धरायला सांगा.

मांसाहारी खुणेचं तर विचारूच नका. पूर्वी ती तपकिरी गोल होती. २०२० च्या लेबलिंग नियमांनी ती चौकोनातला तपकिरी त्रिकोण केली. शाकाहारीची हिरवी टिकली तशीच राहिली. पण छापखान्यांकडे जुनी डिझाइन्स पडून आहेत आणि मासळीच्या पाकिटावर अजूनही गोल छापून येतो. छपाईआधी प्रूफ बघा, एवढाच सल्ला.

आयातदाराकडे एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना हवा. राज्याच्या परवान्यावर हॉटेल चालतं, आयात चालत नाही. स्टिकरवर राज्याचा क्रमांक छापून आलेला माल आमच्याकडे येतो, आणि मालक म्हणतो, ‘अहो, लायसन आहे ना!’

काजू बी: कागद बरोबर, तरी प्लांट क्वारंटाइनला अडकतं

आफ्रिकेतून येणाऱ्या बीला तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला, लागतं. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरखाली ते तपासलं जातं. कागद सहसा असतो, पण त्यातला ट्रीटमेंटचा रकाना रिकामा सोडलेला असतो. धुरी दिलेली असते, तिचं वेगळं पत्रही जोडलेलं असतं, फक्त सर्टिफिकेटवर औषधाचं नाव, मात्रा, किती तास, तारीख यातलं काही नसतं. मग इथे पुन्हा धुरी द्यायला सांगतात. तिचा खर्च एकवेळ परवडेल. सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात, वाढलेले दिवस परवडत नाहीत.

दुसरं कारण कंटेनरमधला ओलावा. बी पुरती वाळली नसेल तर प्रवासात कंटेनरच्या छताला पाणी सुटतं, वरच्या पोत्यांवर ठिबकतं आणि तिथे बुरशी धरते. दार उघडल्यावर वरच्या थरात जिवंत कीड किंवा काळी पडलेली पोती दिसली की अख्खा लॉट संशयित होतो. पुरवठादाराला ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगायला सांगा, आणि भरतानाचे फोटो मागवा, वरच्या थराचेसुद्धा.

लाकडाचं विसरू नका. माल पॅलेटवर असेल किंवा आत लाकडी टेकू असतील, तर त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय प्रक्रियेचा शिक्का हवा. उष्णतेची प्रक्रिया म्हणजे लाकडाच्या गाभ्याला ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. शिक्क्यात गव्हाच्या कणसासारखी खूण, देशाचा कोड, उत्पादकाचा क्रमांक आणि ‘एचटी’ अशी अक्षरं असतात. माल निर्दोष आणि पॅलेट बिनशिक्क्याचं, अशा कंटेनरची गत फार वाईट. जुनी पॅलेट रंगवून वापरतात तेव्हा शिक्का रंगाखाली जातो. फोटो मागताना पॅलेटचा ठोकळाही जवळून घ्यायला सांगा.  

रीफर: सॅम्पल घेताना माल बिघडतो

गोठवलेल्या मासळीचं सॅम्पल काढायला दार उघडावं लागतं. एप्रिल-मेच्या दुपारी द्रोणागिरीच्या यार्डात उणे १८ अंशाचा कंटेनर पंधरा मिनिटं उघडा राहिला तर दारालगतच्या पेट्यांवर दव जमतं, ते पुन्हा गोठतं आणि पुठ्ठा लिबलिबीत होतो. पुढे ग्राहक तोच माल ‘वितळून गोठवलेला’ म्हणून परत करतो. तपासणीची वेळ सकाळची मागा, आणि सीएफएसला कोल्ड रूम असेल तर पेट्या तिकडे हलवूनच उघडा. तापमानाचा लॉगर दाराशी नको, मधल्या पेटीत हवा, आणि त्याची नोंद माल सुटण्याआधी काढून ठेवा.

पैशाचं गणितही वेगळंच धावतं. बंदराचं भाडं, लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार) आणि विजेच्या प्लगचे पैसे अशी तीन मीटरं एकदम चालू असतात. त्यात बिल ऑफ एंट्री उशिरा भरलंत तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. नियम असा आहे की बोट लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते भरलेलं हवं, आणि ३० दिवस आधीपासून भरता येतं. चार-दोन टन मालासाठी हे सगळं मोजायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. लाइनकडून रीफरचे मोफत दिवस बुकिंगच्या वेळीच वाढवून घ्या. कंटेनर उतरल्यावर केलेल्या विनंतीला कोणी भीक घालत नाही.

बोट सुटण्याआधीचा अर्धा तास

पुरवठादाराकडून सगळ्या कागदांचा कच्चा मसुदा मागवा: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, हेल्थ किंवा फायटो सर्टिफिकेट. सोबत पाकिटाचा पुढून-मागून फोटो. हे सगळं एका टेबलावर मांडा आणि पाचच गोष्टी जुळवा: मालाचं नाव, बॅच, पेट्यांची संख्या, निव्वळ वजन, कारखान्याचा मंजुरी क्रमांक. इन्व्हॉइसवर ‘फ्रोझन फिश फिलेट’, सर्टिफिकेटवर माशाचं शास्त्रीय नाव आणि पाकिटावर तिसरंच व्यापारी नाव असेल, तर क्वेरी येणारच. सर्टिफिकेटवर कारखाना एक आणि पाकिटावर दुसरा, हेही सर्रास होतं, कारण माल एकीकडे बनतो आणि पॅकिंग दुसरीकडे. दूध, मांस, अंड्याची पावडर, बाळांचं अन्न अशा प्रकारांत परदेशी कारखान्याचीही एफएसएसएआयकडे नोंदणी लागते, त्यामुळे हा क्रमांक चुकला तर ते नुसतं टंकलेखन म्हणून सोडलं जात नाही.

मका, सोयाबीन, बटाटा, सफरचंद, अननस अशी २४ पिकं आहेत ज्यांना मार्च २०२१ पासून ‘जनुकीय बदल नसलेलं’ असं प्रमाणपत्र लागतं. आणणाऱ्यांना हे हटकून आठवत नाही.

लॅबमध्ये नापास, किंवा निर्यात केलेलाच माल परत आला

एफएसएसएआय सॅम्पलचे दोन भाग करते. पहिला नापास झाला तर दुसरा रेफरल लॅबकडे, म्हणजे फेरतपासणीच्या प्रयोगशाळेकडे, पाठवण्याचं अपील करता येतं. करायचं की नाही हे भावनेवर ठरवू नका, अहवालातला नेमका घटक बघा. जंतूंची संख्या मर्यादेच्या कितीतरी पट असेल तर दुसरा भागही बहुधा तेच सांगेल, आणि तोवर प्लगचे पैसे चालूच. मर्यादेच्या अगदी काठावरचा आकडा असेल, किंवा मालाला लागूच नसलेला निकष लावलेला असेल, तर अपील जरूर करा. एनओसी नाकारली गेली की दोनच वाटा उरतात, माल परत पाठवणे किंवा नष्ट करणे, आणि दोन्हींचा खर्च आयातदाराचा.

रत्नागिरीच्या मासळीवाल्यांसाठी शेवटची गोष्ट. परदेशातून नाकारलेला आपलाच माल परत येतो तेव्हा ‘आपलाच तर आहे’ म्हणून तो सुटत नाही. कस्टम कायद्याच्या कलम २० प्रमाणे परत आलेल्या मालालाही आयातीच्याच अटी लागू होतात, म्हणजे वर सांगितलेली खाती पुन्हा आलीच. मूळ शिपिंग बिल (निर्यातीचं घोषणापत्र), निर्यातीच्या वेळचं हेल्थ सर्टिफिकेट, तिकडच्या अधिकाऱ्याचं नकाराचं पत्र आणि त्यातलं नेमकं कारण, हे सगळं परतीच्या बोटीत कंटेनर चढण्याआधी गोळा करा. नकाराचं पत्र तिकडच्या भाषेत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर तिथल्या एजंटकडूनच करून घ्या. आणि कंटेनर मधल्या बंदरात पडून राहिला असेल तर त्या दिवसांचीही तापमानाची नोंद लाइनकडून लेखी मागून ठेवा.